तोफ रहिमानची

'हे सोडून दे' असं कुणी म्हटलं, की क्रांती ती गोष्ट हमखास घट्ट धरायची. स्वभाव बापाचा, आणि बाप लालासाहेब म्हणजे फौजेत रणगाडा चालवून आलेला हट्टी गडी. त्यामुळे बंगळूरच्या पल्लवी मॅडमनी "मोबाईल सोडून द्या" म्हटलं, तिथंच खरं तर निकाल लागला होता.

क्रांती आणि सांगलीचा राहील यांनी मिळून रणगाड्यांच्या लढाईचा ऑनलाइन गेम बनवला होता. राहीलचे वडील रहिमान लालासाहेबांच्याच रणगाड्यात तोफेवर असायचे, त्या घरोब्यातून ही जोडी जमलेली. गेम बाजारात आणणार होती पल्लवी मॅडमची कंपनी. कॉम्प्युटरवर आणि टीव्हीवरच्या कन्सोलवर तो झकास चालायचा. फोनवर मात्र एका अंगठ्यानं गाडी हाकायची, दुसऱ्यानं तोफ फिरवायची, वर नेमही धरायचा! कॉम्प्युटरवाले फोनवाल्यांना टिपून मारायचे आणि ते वैतागून डाव अर्ध्यावर टाकून जायचे.

"पुढच्या चाचणीत फोनवाले टिकले नाहीत, तर फोन वगळायचा," मॅडमनी बजावलं.

क्रांतीच्या साताऱ्याकडच्या गावात घरटी एक फौजी, पण कॉम्प्युटर शोधून सापडायचा नाही. तिथं जो चालणार नाही, तो रणगाड्याचा गेम काय चाटायचा? ती तडक गावी गेली आणि आबांच्या, म्हणजे लालासाहेबांच्या हातात फोन दिला.

त्यांनी गाडी अशी चालवली की बघत राहावं. ओढ्यातून काढली, चढावर अलगद नेली. पण शत्रू समोर आला तरी तोफेच्या बटणाला बोट लावीनात. धडाम! पुन्हा डाव, पुन्हा धडाम.

"आवं आबा, बटन दाबा की!"

"म्या डायवर हाय. तोफ माझी न्हाई."

"मग कुणाची?"

"रहिमानची. गाडीत दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नसतो."

"आबा, ह्यो खेळ हाय!"

"आसंल. गाडी ती गाडीच."

क्रांती जाम भडकली. पाय आपटत परसात गेली, तोंडावर पाणी मारलं आणि तशीच थांबली. म्हातारा हट्टी खरा, पण एका माणसाच्या अंगठ्यांवर दोन माणसांचं काम लादलं होतं ते आपणच. एका गाडीत दोघं बसवले तर? एक फोनवर, एक कॉम्प्युटरवर, ज्याला जे जमेल ते. तिनं राहीलला फोन लावला.

"ताई, येड लागलंय का? सगळं उसवावं लागंल."

"तू उसव. शिवायचं मी बघते."

दोघांनी स्वतःला जुंपून घेतलं. तोफ वळवली की अख्खी गाडीच वळायची, ते तर चाचणीच्या दिवशी सकाळी निस्तरलं.

दुपारी लालासाहेब ओट्यावर फोन घेऊन बसले. रहिमानचा हात आता कापायचा, म्हणून ते सांगलीत कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यापुढं. गुडघे धरल्यापासून दोघांची गाठभेट नव्हती. समोर बंगळूरची तयारीची पोरं, आणि मॅडम बघत होत्या.

"रहिमान, हायस का रं?"

"हाय गड्या. डाव्या अंगानं घे, उतरणीवर थांबू नगंस."

समोरचे दोन रणगाडे उडाले. तिसऱ्याचा गोळा मात्र यांच्यावर बसला आणि एका बाजूच्या चाकांवरची चेन तुटली. फोनवर 'बाहेर पडा'चं बटण उगवलं. फोनवाले नेमके इथंच पळायचे.

लालासाहेबांनी बटणाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. उरलेल्या एका चेनवर त्यांनी गाडी जागच्या जागी वळवली आणि तिचं जाड पोलादी तोंड शत्रूकडं केलं. दोन गोळे आदळले, गाडी तगली. तेवढ्या वेळात रहिमानच्या कापऱ्या हाताला नेम सापडला आणि तिसराही उडाला.

"फोन राहू दे," पल्लवी मॅडम म्हणाल्या. "गेम सगळीकडे एकाच दिवशी आणू या."

क्रांतीला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

"आबा, जिंकलो! ठिवा आता फोन खाली."

लालासाहेबांचा अंगठा पडद्यावरून हलला नाही.

"थांब गं. रहिमान गाडीतनं उतरला का बघ आदी."