नेटबाबांचा पडदा

झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यापर्यंत रांग, सगळ्यांचे हात जोडलेले. पडद्याआड नेटबाबा विराजमान. त्यांना म्हणे साक्षात इंटरनेट प्रसन्न होतं. आपण काही शोधायला जावं तर ढीगभर पानं सापडतात नि कामाचं एकही नाही. बाबा मात्र चार प्रश्न विचारून नेमका आजार सांगत.

माझ्या वहिनीला फिट्स येतात. गोळ्यांनी त्या आटोक्यात होत्या. बाबांनी तिच्या गळ्यात मंतरलेला पेन ड्राइव्ह घातला आणि गोळ्या बंद करायला लावल्या. मग ती गॅसजवळच कोसळली. बाबांचा खुलासा तयार होता, "जुना डेटा बाहेर पडतोय." वहिनीला तो पटला. मला धडकी भरली, म्हणून या खेपेला मीही तिच्याबरोबर गेले.

आमच्या पुढच्या गृहस्थांची चौकशी चालली होती. "शरीर की मन?" पडद्याआडून घनगंभीर आवाज आला. शरीर, म्हणाले ते. "रक्त, हाडं की मेंदू?" लोक गहिवरले. मी कान टवकारले. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि हीच उतरंड दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. ही इंटरनेटवरची विषयसूची. जाणकार माणसं चांगली संकेतस्थळं तपासून, कपाटात पुस्तकं लावावीत तशी विषयवार लावून ठेवतात. आरोग्य, त्यात मेंदू, त्यात त्याचे आजार. एकेक पायरी उतरायची, की मुक्काम आलाच.

गृहस्थ मेंदू म्हणाले.

"आता बाबा विचारतील, लहान मुलांचा आजार की मोठ्यांचा," मी मोठ्यानं सांगितलं.

"लहान मुलांचा की..." आवाज मध्येच अडकला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी पडदा बाजूला ओढला. आत एक जुना कंप्युटर, त्याच्या स्क्रीनवर माझ्या ओळखीची विषयसूची आणि माउसवर बाबांचा दिव्य हात. ही साधना आहे, असं ते पुटपुटले. असेल, म्हटलं, पण ती सगळ्यांना फुकट मिळते.

वहिनीला मी खुर्चीत बसवलं. ती स्वतःच एकेक पायरी उतरत फिट्सच्या पानावर पोचली. बाबांनी तिच्या आजाराची सांगितलेली सगळी लक्षणं तिथे जशीच्या तशी होती. तळाशी मात्र आणखी एक ओळ होती. तिनं ती वाचली, "बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका."

"एवढीच ओळ तुम्हाला दिसली नाही?" तिनं बाबांना विचारलं. पेन ड्राइव्ह काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी माझ्या ग्रंथालयाबाहेर रांग. "मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे म्हणे. तुम्हीच क्लिक करा." मी कपाळावर हात मारला. माहिती कुणाला प्रसन्न होत नसते, ती शोधावी आणि पारखावी लागते, हे सांगून माझा घसा बसला. निम्मे लोक हिरमुसून निघून गेले.

उरलेल्यांना माझ्याबरोबर आलेल्या वहिनीनं कंप्युटरपुढे खुर्च्या दिल्या. "स्वतः शोधा, स्वतः वाचा," ती म्हणाली, "आणि शेवटची ओळ सोडू नका. माझा जीव त्याच ओळीत होता."