तीन नंबरचा मावा

आमचे भाऊजी तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले आणि आकडे शिकून आले. त्याआधी माणूस बरा होता.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान आणि आमच्या तीन पॉलिहाऊसचे मालक. तिन्हींत ढोबळी मिरची. पहिली दोन कामगार बघायचे, तिसरं अकरा वर्षं माझ्याकडे होतं. तिथे मी एकदाही फवारा मारला नाही. झाडांचा रस पिणारा मावा थोडाफार असायचा आणि त्याला खायला लाल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे असायचे. मावा वाढला की ढालकिडे वाढायचे, मावा ओसरला की तेही आवरतं घ्यायचे. त्यांचं आपसात भागत होतं. मी मध्ये नाक खुपसत नसे, एवढंच माझं कौशल्य.

भाऊजींनी आल्या आल्या पॅकिंगच्या खोलीत पांढरा फळा ठोकला. प्रत्येक पॉलिहाऊसमध्ये पिवळी चिकट कार्डं टांगायची, शनिवारी त्यांवर चिकटलेले किडे मोजायचे आणि आकडा फळ्यावर लिहायचा. ज्याचा आकडा मोठा, त्याचं काम चांगलं. पहिल्या शनिवारी एक नंबरचे सहाशे भरले, दोन नंबरचे नऊशे आणि माझे एकतीस.

"एकतीस?" जेवताना भाऊजींनी विषय काढलाच. "अकरा वर्षं करत काय होतीस?"

"किडेच कमी आहेत भाऊजी, चिकटणार कुठून?"

"कारणं नकोत. दोन नंबरने बघ कसा जोर लावलाय."

दोन नंबरमध्ये जोर किडींनी लावला होता. मी तसं बोलणार, तोच ताईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. ताईचा संसार याच पायावर उभा आहे.

दुसऱ्या दिवशी भाऊजी स्वतः तीन नंबरच्या पाहणीला आले. एका पानाखाली त्यांना ढालकिड्याची अळी दिसली. काळी, काटेरी, बारक्या सुसरीसारखी. शेजारी मावा बसला होता, हिरवा, गुबगुबीत, गरीब चेहऱ्याचा. गुन्हेगार कोण हे भाऊजींनी तोंडं बघून ठरवलं.

"असले राक्षस पाळलेस होय?"

"अहो, हेच तर मावा खातात!"

"म्हणजे वर खादाडही आहेत."

त्याच दुपारी माझी रवानगी पॅकिंगच्या खोलीत झाली, खोक्यांना लेबलं चिकटवायला. तीन नंबरमध्ये दोघं कामगार ब्रशने पानं झाडायला लागले. अळ्या साबणाच्या पाण्यात गेल्या. वर साठ नवी कार्डं टांगली. शनिवारी आकडा आला चारशे बारा. मोजणी माझ्याच टेबलावर व्हायची, म्हणून सांगते, त्यातले तीनशे नव्वद ढालकिडे होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"आनंद होणारच," भाऊजी म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

मग माव्याला रान मोकळं मिळालं. माव्याच्या बायकांना नवरा लागत नाही. त्या थेट पिल्लं टाकतात आणि आठवडाभरात पिल्लंही लेकुरवाळी होतात. माव्याचा गोड चिकटा चाटायला मुंग्या आल्या आणि एखादा चुकार ढालकिडा आलाच तर त्याला हुसकावू लागल्या. पानं आकसली, त्यांच्यावर काळी बुरशी धरली. मी तीनदा सांगितलं. "तू लेबलं बघ," हे उत्तर मला तीनदा मिळालं. पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा माव्याला पंख फुटले आणि तो उडाला तो थेट कार्डांवर. त्या शनिवारी तीन नंबरचा आकडा अकरा हजारांवर गेला. भाऊजींनी फळ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. प्रशिक्षणवाल्यांनी त्यांना भाषणाला बोलावलं.

पुढच्या शनिवारी आकडा दोनशे झाला, त्याच्या पुढच्या शनिवारी शून्य. शून्य म्हणजे काम वाईट, असा त्यांचाच नियम होता. पण भाऊजी लाल होऊन नव्हे, हसत हसत माझ्या टेबलाशी आले.

"चल, मावा संपवला! तीन नंबर परत तुझ्या ताब्यात."

मी गेले. ताईही आली. आत तपकिरी काटक्या उभ्या होत्या. एक पान नाही, एक मिरची नाही. खायला उरलं नाही म्हणून मावा मेला होता. अकरा वर्षांचं माझं काम पंधरा पावलांत बघून झालं.

ताईने एक काटकी मोडून बघितली. मग नवऱ्याकडे न बघता तिने मला विचारलं, "नवी रोपं लावली तर तुझे ते ढालकिडे येतील का गं परत?"

"येतील. पण त्यांना खायला लागेल. आधी थोडा मावा येऊ द्यावा लागेल."

भाऊजींनी खिशातून वही काढली, पेन उघडलं आणि गंभीरपणे माझ्याकडे पाहिलं.

"मावा," त्यांनी लिहून घेतलं. "किती हजार सांगू आणायला?"