आडवी ठेवलेली बाटली

टॉर्किलच्या घरी जिन्याखालच्या कपाटात व्हिस्कीच्या एकशे चौदा बाटल्या होत्या आणि त्यातली एकही त्याने कधी उघडली नव्हती. बायको होती तोवर म्हणायची, "लोक पिऊन घर बुडवतात, तू न पिता बुडवलंस." ती गेली त्यालाही नऊ वर्षं झाली. बाटल्या मात्र होत्या तशाच, ताठ उभ्या, लेबलं पुढे करून, उन्हापासून लांब.

एकशे पंधरावी तेवढी आडवी होती.

तिची गोष्ट अशी. चौतीस वर्षांपूर्वी डिस्टिलरीने पिंपं बांधायचं काम बंद केलं आणि टॉर्किलसह पाच कारागिरांना घरी पाठवलं. जाताना साहेबांनी कारागिरांनीच बांधलेल्या एका पिंपातली व्हिस्की बाटलीत भरून, बूच ठोकून हातात दिली. पाच जणांत एक बाटली, काय हे औदार्य! त्यांच्यातला डूगल म्हणाला, "आता घोट घोट पिण्यापेक्षा जो शेवटी उरेल त्याने प्यावी. गेलेल्या चौघांच्या नावाने एकेक पेला, आणि एक थेंब टाकायचा नाही." स्पे नदीच्या काठी ही पद्धत जुनीच. तरुण माणसांना ती फार गमतीची वाटते.

बाटल्या जमवायचा नाद टॉर्किलला, म्हणून बाटली त्याच्याकडे आली. त्याने हौसेने ओकच्या फळ्यांचा छोटा पाळणा केला, गोदामात पिंपं निजवतात तशी बाटली त्यात निजवली आणि चौघांना दाखवायला नेली. इनिस खो खो हसला. "अरे गाढवा, पिंप आडवं, बाटली उभी! आतली दारू बूच खाऊन टाकेल. एवढ्या बाटल्या सांभाळतोस आणि एवढं कळत नाही?"

कळत होतं. पण पाळणा करून झाला होता आणि चौघंही हसले होते. "मला शिकवू नकोस," टॉर्किल म्हणाला, आणि निव्वळ हट्टापायी बाटली आडवीच राहिली. पुढे पुढे तर ती तशीच शोभते असं त्याला वाटू लागलं.

डूगल गेला, सँडी गेला, विली गेला. उरले टॉर्किल आणि इनिस. मार्च महिन्यात इनिसला एल्गिनच्या वृद्धाश्रमात हलवलं आणि तिथल्या इश्बेल नर्सने फोनवर सांगितलं, "भेटायचं असेल तर या हं लवकर." टॉर्किलने फोन ठेवला आणि त्याला पहिल्यांदा धडकी भरली. मरणाची नाही. ती बाटली आपल्याला एकट्याने प्यावी लागणार, याची.

दुसऱ्या दिवशी तो बाटली मफलरमध्ये गुंडाळून बसने गेला.

"हे काय आणलंस?" उशीला टेकलेला इनिस म्हणाला. "मी अजून जिवंत आहे. घाई झाली होय रे तुला?"

"आज पिऊ. दोघं मिळून."

"नियम आहे, लेका. शेवटच्याने प्यायची."

"खड्ड्यात गेला नियम! मला एकट्याने नाही प्यायची, इनिस. नाही जमणार मला."

इनिस उशीवरून जरा सरळ बसला. मग म्हणाला, "बरं. पण मला मागल्या वर्षीच्या तापानंतर वास येत नाही, चव लागत नाही. माझ्यासाठी नाक तुझं. उघड."

हात थरथरतात, तू हसशील, असं सांगून टॉर्किल बाटली घेऊन बाहेर गेला. बुचाला हात लावला तर त्याचा भुगा झाला, अर्धा आत पडला. इश्बेलने चहाची गाळणी आणून दिली. गाळता गाळता तिने नाक मुरडलं. "अहो, हिला तर..." टॉर्किलने ओठांवर बोट ठेवलं. वास त्यालाही आला होता. भिजून कुजलेल्या पुठ्ठ्याचा, वर्षानुवर्षं बंद तळघराचा. बुचाचे तुकडे त्याने खिशात कोंबले.

इनिसने पेला दोन्ही हातांनी धरला, सवयीने नाकाशी नेला. "उभी ठेवली होतीस ना?"

"ठेवली होती."

"शहाणा झालास म्हणायचा. सांग आता, कशी आहे?"

टॉर्किलने घोट घेतला. घशाखाली उतरेना. "सफरचंदं," तो म्हणाला. "माळ्यावर गवतात ठेवलेली. मग मेण. आणि मागून, पिंप आतून जाळायचो ना आपण, तो धूर."

"जास्त नाही ना जळलं? विलीला घाई असायची."

"नाही. बेतानेच."

"आपलं पिंप!" इनिसच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने टॉर्किलचा हात घट्ट धरला आणि पेला रिकामा केला. समोर इनिस होता, हातात त्याचा हात होता, तरी टॉर्किलला इतकं एकटं आजवर कधी वाटलं नव्हतं. खरं काय ते सांगावं, असं दोनदा ओठांवर आलं. पण इतका खूश असलेल्या माणसाला सांगणार तरी कसं?

"उरलेली तुझी," निघताना इनिस म्हणाला. "प्यालास की मला सांग, हं. शेवटी शेवटी चव उघडते तिची."

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात इनिस गेला. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून शवपेटी खड्ड्यात सोडताना डोक्याकडची पहिली दोरी, जी सगळ्यांत जवळच्या माणसाने धरायची असते, ती टॉर्किलच्या हाती दिली. पाऊस नव्हता, वारा मात्र बोचत होता. लोकांनी सूप प्यायलं, हवापाण्याचं बोलले आणि आपापल्या घरी गेले.

टॉर्किल दुपारी घरी आला. कपाटातल्या एकशे चौदांपैकी कुठलीही चांगली बाटली उघडता आली असती, पण तो तिकडे गेला नाही. त्याने टेबलावर चार पेले मांडले, उरलेली व्हिस्की गाळून ती चारांत सारखी वाटली. डूगलचा पेला संपवला. सँडीचा. विलीचा. तोंड वाकडं होत होतं, पण थेंब टाकायचा नाही असं ठरलं होतं.

चौथा पेला त्याने हातात घेतला, घोट घेतला आणि मोठ्याने सांगितलं, "नासलीय, इनिस. पार वाया गेली. मी आडवी ठेवली होती."

मग तो थांबला. समोरच्या खुर्चीकडे बघत बराच वेळ थांबला.

गाढवा, असं कोणीच म्हणालं नाही.