भिंतीपलीकडचं गवत

आमच्या सासूबाई एक वेळ सुनेला माफ करतील, चिखलाच्या बुटांना नाही. रोपवाटिकेच्या फाटकात जंतू मारणाऱ्या औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं असतं. त्यात बूट बुडवल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. मांजर तेवढं येतं, म्हणून मांजराशी त्यांचं वाकडं.

याला कारण आहे आणि ते मी नाकारत नाही. माझ्या लग्नाआधी इथे मर रोग आला होता. मातीतल्या बुरशीने सगळी रोपं बुडाशी कुजवून आडवी केली, आणि सासरेही त्याच वर्षी गेले. सासूबाईंनी एकटीने रोपवाटिका पुन्हा उभी केली. तेव्हापासून मोठ्या पिंपात वाफवल्याशिवाय चिमूटभर मातीही ट्रेमध्ये जात नाही. बुरशी हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा आहे.

रोपवाटिकेत माझ्या वाट्याला रानगवत आलं होतं. उतारावरची माती धरून ठेवायला लावतात ते. बी मी गोळा केलेलं, ट्रे मी भरलेले. ते झक्कास उगवायचं, बोटभर व्हायचं आणि मग रुसून बसायचं. पानं जांभळट, वाढ बंद. खत घातलं, पाणी कमी केलं, जास्त केलं, शेवटी चार शिव्याही घालून पाहिल्या. आणि मागच्या भिंतीपलीकडे आमचीच पडीक जमीन आहे, जिला कधी नांगर लागला नाही की कोणी पाणी घातलं नाही, तिथे तेच गवत कमरेएवढं डोलत होतं. मला तर ते वाकुल्या दाखवतंय असंच वाटायचं.

माझी थोरली बहीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दोन्हीकडची मुळं घेऊन मी तिच्या प्रयोगशाळेत गेले. तिने ती उकळली, व्हिनेगर आणि साध्या निळ्या शाईत बुडवली आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पलीकडच्या मुळात निळे धागे पसरले होते, पेशींत शिरून तिथे झुडपासारखे फुटले होते. आमचं मूळ कोणी राहायलाच न आलेल्या घरासारखं रिकामं होतं.

"बुरशीच आहे ही," ताई म्हणाली. "पण ही मुळाला कुजवत नाही. मूळ पोचत नाही तिथवर हिचे धागे जातात, तिथलं पोषण आणून गवताला देतात आणि बदल्यात साखर घेतात. तुम्ही माती वाफवता ना, त्यात चोर मेला तसा सोबतीही मेला."

"हे सासूबाईंना कोण सांगणार?"

"तू. का, मांजराला पाठवतेस?"

मी सांगितलं. सासूबाई ट्रे पुसत होत्या, त्यांचा हात थांबला.

"बुरशी आणायची? मुद्दाम? माझ्या वाटिकेत?" त्यांचा आवाज चढला नाही. "मी काय पाहिलंय ते तू पाहिलेलं नाहीस. उद्या हे सगळे ट्रे खड्ड्यात टाक. या बाकांवर शोभेची झाडं येतील."

"नाही टाकणार."

"अगं, आई म्हणतेय तर..." नवरा पाईप गुंडाळता गुंडाळता म्हणाला.

"तू गप्प बस," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

"इथे माझा शब्द चालतो," सासूबाई म्हणाल्या.

"भिंतीपर्यंत," मी म्हणाले. बोलले ते बोलले.

दुसऱ्या दिवशी मी एकेक ट्रे भिंतीपलीकडे नेला आणि ती रुसकी रोपं जुन्या गवताच्या मध्येमध्ये, त्याच न वाफवलेल्या मातीत लावली. परत येताना मात्र बूट घमेल्यात नीट बुडवले. मी भांडत होते ते माझ्या गवतासाठी, मर रोगाची वकिली करायला नव्हे.

सासूबाईंनी अबोला धरला. मीठ मागायचं झालं तरी मध्ये नवरा लागायचा. मी रोज पलीकडे जायचे. बरेच दिवस काहीच हललं नाही आणि माझं तोंड कडू झालं. मग पानांचा जांभळटपणा गेला. मग मधून हिरवी पाती वर आली, आणि ऋतू पालटेपर्यंत कुठलं जुनं, कुठलं माझं, हे ओळखायला मलाही वाकून बघावं लागू लागलं.

एका सकाळी सासूबाई स्वतः भिंतीपलीकडे आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तुझ्या गवताचं बी उडून माझ्या ट्रेमध्ये पडतंय," त्या थेट मला म्हणाल्या. "आज मी हे उपटूनच टाकते."

मी आडवी गेले नाही. "उपटा," म्हणाले.

त्यांनी माझ्याच रोपाला हात घातला आणि ओढलं. ते आलं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. पातं तुटलं, तळहाताला चरा पडला, गवत जागचं हललं नाही. मग त्यांनी माझ्या हातातलं खुरपं घेतलं, मुळाभोवती खणून ढेकूळ वर काढलं आणि सवयीने हातावर आपटलं. आमच्या रोपांची माती एका टिचकीत झडते आणि मुळं पांढरीशुभ्र दिसतात. ही माती झडेना. सासूबाईंनी पुन्हा आपटलं, मग बोटांनी ढेकूळ उकलून पाहिलं. आत मुळांच्या मधून पांढरट तंतू ताणले गेले, केसाहून बारीक.

एक तंतू त्यांनी नखावर घेऊन उजेडात धरला.

"घमेल्यात बूट बुडवायचे," शेवटी म्हणाल्या.

"बुडवीन. पण गवताची माती वाफवणार नाही."

ढेकूळ त्यांच्या हातातच होतं. त्या वळल्या आणि फाटकाकडे निघाल्या. घमेल्यात आधी एक बूट बुडवला, मग दुसरा. आणि ढेकळावर औषधाचा थेंब उडू नये म्हणून ते हात उंच करून धरलं.