सरूच्या बॅगेचा लोड

मित्रांनो, माझ्याकडे पाहून हसू नका. आज माझं एक चाक वाकडं आहे आणि चेन दोऱ्याने बांधलेली आहे, पण मी पुष्कळ विमानं पाहिलेली जुनी बॅग आहे. वडखळजवळच्या खाडीकाठच्या सरूची मी. सरू विमानात प्रवाशांची देखभाल करायची. नोकरी बंगळूरला आणि घर इथे, म्हणून कामावर जायचं तेही विमानानेच. ऐकायला थाट वाटतो! खरी गोष्ट अशी की, कंपनीच्या माणसाला तिकीट स्वस्त, पण सगळे प्रवासी बसल्यावर उरेल ती जागा. विमान किती भरलं, त्याला ही मंडळी ‘लोड’ म्हणतात. निघायच्या दिवशी सरूला घास गोड लागायचा नाही, तो या लोडपायी.

त्या दिवशी तर तिचा जीव टांगणीला लागला होता. मागच्या खेपेला जागा न मिळाल्याने तिची ड्युटी चुकली होती. पुन्हा चुकली तर नोकरी गेली, असं साहेबाने बजावलं होतं. अंगणात फोन बघत ती म्हणाली, “आय, लोड वाढतोय गो! असाच वाढला तर मला नाय घेणार.”

तिची आई ठमाबाई हे ऐकत होती. तिचा नवरा जनू डोलवीला ट्रकवर ड्रायव्हर. लोड जास्त झाला की गाडी अडवतात, माल उतरवावा लागतो, हे तिला पक्कं ठाऊक. सरू केस विंचरायला आत गेली, तशी ठमाबाईने मला उचलून पाहिलं आणि उघडलं. वर सुकट नि पोहे. ते लेकीच्या तोंडचे कसे काढणार? तळाशी गणवेशाचे काळे बूट होते, चांगले जड. सरूच्या पायात चप्पल होतीच. माउलीने बूट काढले आणि चेन लावून टाकली.

मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. पेण गेलं, पनवेल गेलं, सरू देवाचं नाव घेत होती आणि मी हलकी होऊन तिच्यामागे घरंगळत होते. विमानतळावर सगळे आत गेले तरी तिला कुणी बोलावेना. अखेर एक प्रवासी आलाच नाही. “मॅडम, चला लवकर!” सरूचे डोळे भरून आले. मला मात्र पुढचं दिसत होतं.

बंगळूरला कपडे बदलायला तिने मला उघडलं आणि तळापर्यंत चाचपलं, बूट नव्हते. बुटांशिवाय ड्युटी नाही. तिने घरी फोन लावला. “आय, माझे बूट...”

ठमाबाईला धीर कुठला! “मिळाली ना गो जागा? बूट मी काढून ठेवले. लोड हलका झाला म्हणून घेतलं ना तुला? सकाळपास्नं माझ्या पोटात अन्नाचा कण नाय बघ.”

सरूने ओठ आवळले. तिला राग आला होता, अगदी रडू येण्याइतका. मग ती म्हणाली, “व्हय आय. तुझ्यामुळंच मिळाली. आता जेव तू.”

मैत्रिणीचे बूट मागून आणले, तेही घट्ट. टाचा सोलून निघाल्या, पण नोकरी राहिली.

पुढे निघताना सरू माझ्यात मुद्दाम एखादी जड वस्तू कोंबायची आणि हाक मारायची, “आय, लोड बघ गो.” ठमाबाई ती काढून घ्यायची आणि निवांत जेवायला बसायची.

मित्रांनो, बॅगेच्या चाकाला तेल द्या, चेन ओढू नका, हे मी सांगणारच. पण घरी कुणी उपाशी बसलं असेल, तर पोचल्याचा फोन आधी करा. बुटांचं मग बघता येतं.