कुत्र्याला टाकलेलं हाड

पाद्रीबाबांच्या मिशनमध्ये आम्हा डोंगरातून आणलेल्या माणसांना दर आठवड्याला बैलाचं मांस वाटतात. पोट भरतं, खोटं कशाला बोलू? पण अंगी लागत नाही मेलं.

घरात मी एकटी. नवरा आणि दोन पोरं गोवरानं नेली. उरली लेक एउलालिया. तिला पाद्रीबाबांनी लहानपणीच मुलींच्या कोठीत घातली; लग्न होईतो तिथंच राहायचं, रात्री बाहेरून कुलूप. रविवारी प्रार्थना झाली की घटकाभर माझ्याकडे येते. आता तिचं लग्न ठरलंय, लांब गुरांच्या गोठ्यांकडे जाईल. म्हणजे रविवारही गेला. त्याआधी एकदा तरी तिला आपलं अन्न आपल्या रीतीनं खाऊ घालायचंच, असं मी मनाशी घेतलं होतं. माझ्यामागे ती रीत जाणणारं घरात दुसरं कोण होतं?

दिरानं चोरून हरणाची तंगडी आणून दिली. परवानगीशिवाय डोंगरात गेलं की चाबूक बसतो. मी दार लोटून ती निखाऱ्यांवर भाजली, सोबत ओक झाडाच्या फळांची आमची जुनी पेज केली.

"ई! आई, पेज कडू आहे."

"तुझी जीभच कडू झालीय. गीळ मुकाट्यानं."

ती हसली. तंगडी मात्र तिनं बोटं चाटत संपवली. मला इतकं बरं वाटलं, की तोंड फिरवून डोळे पुसले. तेवढ्यात तिनं दार उघडून हाड अंगणातल्या कुत्र्याला टाकलं.

"अगं भवाने! हरणाचं हाड कुत्र्याला? चुलीखाली पुरायचं असतं ते! हरणं रुसतात, पुन्हा फिरकत नाहीत."

"मला कधी कुणी सांगितलं?"

कुलपाआड कोण सांगणार होतं, कपाळ!

कुत्रं हाड घेऊन थेट मुकादमापुढे गेलं. सिल्वेरियो, आमच्यातलाच, पण पाद्रीबाबांचा चाबूक त्याच्याच हातात. बैलाचं हाड नव्हे, हे शेंबडं पोरही ओळखेल. ते उचलून तो आमच्या दारात आला.

"कुणाचं हे?"

"आईचं," एउलालिया पटकन म्हणाली. "मी नाही खाल्लं." तिच्या ओठांवर अजून चरबी चकाकत होती.

पाठ घट्ट करून मी उभी राहिले. सिल्वेरियोनं हाड सदऱ्याला पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"मावशी, कुत्र्याला कसं गं दिलंस?" तो हळूच म्हणाला. "चुलीखाली पूर आधी."

त्यापेक्षा चाबूक मारला असता तर बरं झालं असतं. कोठीची घंटा झाली. एउलालिया मागं न बघता धावली. मी एकटीनं चूल उकरली.