काजळ्यांचं दार

खट्.

घरातल्या शांततेत बटणाचा तेवढाच आवाज झाला आणि पुढची खोली अंधारली. दुधाची पिशवी हातात धरून आई उंबरठ्यावर तशीच थांबली. पडदे ओढलेले होते. समोर जमिनीवर कुणीतरी मांडी घालून बसलंय, एवढं त्या घरघरत्या श्वासावरून कळत होतं. पोरीची सर्दी अजून हटली नव्हती.

तिने चपला काढल्या. पिशवी खाली ठेवली. जिने चढून आलेला दम जिरू दिला, कपाळावरचा घाम पदराने टिपला, आणि मग म्हणाली, "लाव."

पुन्हा खट्. ठकी परत जागेवर धावली, दोन्ही तळवे उघडे करून बसली आणि दात विचकून हसली. समोरचा एक दात नव्हता.

"आज तू लवकर लाव म्हणालीस. रस्त्याचं तोंड नव्हतं का?"

"होतं की. थोडंसंच होतं. पुसलं मी."

रस्त्याचं तोंड हा शब्द ठकीच्या आजीचा, आईच्या आईचा. ती रुग्णालयात नर्स होती. कामाची पाळी संपवून घरी आली की आजोबा आधी पुढच्या खोलीतला दिवा घालवायचे. कुणी काही विचारायचं नाही, पाणीसुद्धा पुढे करायचं नाही. ती अंधारात बसायची, कधी नाक ओढल्याचा आवाज यायचा, कधी तोही नाही. मग मोरीत जाऊन चूळ भरायची आणि बाहेर येऊन म्हणायची, लावा. की झालं घर सुरू. दिवसभर काय काय पाहिलेलं तोंड पोरांनी बघू नये, असं तिला वाटायचं म्हणे. कुणी तसं ठरवलं नव्हतं. बोललंही नव्हतं.

आजी गेली त्या वर्षी ठकीच्या आईने काजळे लिहिले.

ती एका लहानशा कंपनीत कामाला होती. कंपनी खेळांची पुस्तकं काढायची. टेबलाभोवती चारपाच जण बसतात, एक जण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे फासे टाकत आपापलं पात्र जगतात, असे ते खेळ. पात्र कोणत्या जमातीचं घ्यायचं हे खेळणारा ठरवतो. आणि त्या जमाती काय खातात, कशाला घाबरतात, मूल झालं की काय करतात, हे सगळं तिने लिहायचं. सासूबाई विचारायच्या, "म्हणजे नक्की काय करतेस गं तू?" तेव्हा ती सांगायची, "नसलेल्या माणसांचे रीतिरिवाज लिहिते." सासूबाई म्हणायच्या, असलेल्यांचे काय कमी होते.

तिने डोंगर पोखरून राहणारे घणकरी लिहिले, शेकडो वर्षं जगून कंटाळलेले लांबकाने लिहिले. ती पोटापाण्याची कामं. काजळे मात्र ठकीला थोपटता थोपटता, भात उकळेपर्यंतच्या सवडीत, एका हाताने लिहिले. भुयारांत राहणारी, सावळी, कमी बोलणारी माणसं. पाहुणा दाराशी आला की काजळे दिवा घालवतात. त्याच्या तोंडावर आलेला रस्ता त्याने उतरवून ठेवण्याआधी बघणं म्हणजे चोरी. सगळे जमिनीवर बसतात, हात उघडे ठेवून, आणि पाहुणा म्हणेल तेव्हाच दिवा लागतो.

आणि आज त्याच काजळ्यांचा निकाल होता.

खेळ बाहेरच्या माणसांना खेळायला देऊन पाहत होते, आणि प्रत्येक टेबलावर एकच घडत होतं. काजळ्यांच्या दाराशी आलं की दिवा जायचा, आणि दिवा गेला की खेळणारे तलवारी काढायचे. कंपनीचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांनी काल तिला समोर बसवून सांगितलं होतं. सगळे मारतातच आहेत, तर मग मारण्यासाठीच ठेवू. पुस्तकातल्या शत्रूंच्या भागात टाकू त्यांना. म्हणजे कुणालाही काजळा होऊन खेळता येणार नाही. काजळे फक्त समोर येतील आणि मरतील. भाऊ वाईट नव्हते. तिचा चेहरा बघून त्यांनीच एक संधी दिली होती. उद्या मी स्वतः सूत्रधार होतो, म्हणाले, आणि तुझ्या लिहिण्यात एक अक्षर इकडचं तिकडे करत नाही. खेळणारे शस्त्र न काढता ते दार ओलांडून गेले, तर काजळे राहिले. नाही, तर तूच त्यांना शत्रू करून लिही. दुसऱ्या कुणाला तू लिहू देशील, असं मला वाटत नाही.

ठकीला सांभाळणाऱ्या शेजारच्या मावशी तापाने आडव्या पडल्या होत्या, म्हणून ठकीही निघाली. वाटेत आईने बजावलं. काही झालं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. लिहिणाऱ्याने खोलीत बोलायचं नसतं, तसाच नियम आहे.

"का?"

"पुस्तक विकत घेतील त्यांच्या घरी आई थोडीच असणार आहे समजवायला?"

ठकीला पटलं. तिने ओठांवर चिमूट फिरवून कुलूप लावलं आणि किल्ली आईच्या पर्समध्ये टाकली.

खोलीत मोठं टेबल, त्यावर नकाशा, फासे, अर्धवट खाल्लेली बिस्किटं. खेळायला चौघं आली होती. एक दाढीवाला जाडजूड माणूस, जो घणकरी झाला होता आणि आल्यापासून सगळ्यांना हसवत होता. दोघं सख्खे भाऊ, थोरला आणि धाकटा, एकमेकांची सतत खेचणारे. आणि चष्मा लावलेली एक कॉलेजातली मुलगी, जी कमी बोलायची पण नकाशा नीट बघायची. आई भिंतीशी खुर्चीवर बसली, ठकी तिच्या मांडीवर. रंगीत खडूंची पेटी हातात होती, पण तिने ती उघडली नाही.

भाऊ खेळ रंगवत होते. बर्फाचं वादळ, धाकट्या भावाच्या पात्राला बाण लागलेला, रक्त थांबत नाही. डोंगराच्या कुशीत एक दार दिसतं. दाराच्या फटीतून उजेड.

"ठोका ठोका," धाकटा म्हणाला, "मी मरतोय इथे."

"मर की," थोरला म्हणाला, "तुझी ढाल मला चालेल."

हसले सगळे. दाढीवाल्याने टेबलावर दोनदा बोटं वाजवली. भाऊंनी आवाज खाली आणला. दार उघडतं. एक म्हातारी बाई. ती तुमच्याकडे बघते, मागे वळते, आणि दिवा घालवते.

हसणं थांबलं.

आईने ठकीच्या पोटाभोवतीचा हात आवळला.

"आत किती आहेत?" थोरल्याने विचारलं.

भाऊंनी पानावर नजर टाकली. "दिसत नाही. श्वास ऐकू येतात. पाच असतील, सहा असतील."

ते श्वास तिनेच लिहिले होते. मायेने लिहिले होते. अंधारात आपण एकटे नाही, हे कळावं म्हणून. आता त्या खोलीत ते शब्द ऐकताना तिच्याच अंगावर काटा आला.

दाढीवाल्याने कुऱ्हाडीची सोंगटी पुढे सरकवली. चष्मेवाल्या मुलीने त्या सोंगटीवर हात ठेवला. "थांबा ना जरा. मारायचंच होतं तर दार कशाला उघडलं? मी विचारते. आजी, दिवा का घालवलात?"

आई खुर्चीत पुढे सरकली. विचारलं. इतक्या टेबलांवर पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं.

भाऊ पान वाचत होते. वाचून झालं तरी मान वर करीनात. मग त्यांनी क्षणभर आईकडे पाहिलं, आणि तिला आठवलं ती ओळ काय आहे. पाहुणा उजेड मागत नाही तोवर यजमान बोलत नाही. बोललं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, आणि दमलेल्या माणसाला उत्तर द्यायला लावू नये. केवढी खूश झाली होती ती, ही ओळ सुचली तेव्हा. गॅसवर दूध उतू गेलं होतं.

"म्हातारी काही बोलत नाही," भाऊ म्हणाले.

ठकीने मान वळवून आईच्या कानाशी तोंड आणलं. "सांग ना," ती फक्त श्वासाने म्हणाली. "लाव म्हणायचं, एवढंच सांग ना त्यांना."

आईने ओठांवर बोट ठेवलं.

आजीच्या घरात कुणी सांगत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ते सगळे त्याच घरात वाढलेले होते. एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती, आणि आता तोंड बंद करून बसल्यावर आली होती.

"बोलत नाही म्हणजे दबा धरलाय," दाढीवाला म्हणाला. मुलीने हात काढून घेतला. त्याने टाकलेले फासे टेबलावरून घरंगळले, नकाशाच्या कडेला जाऊन थांबले. चांगलं दान पडलं होतं.

"कुऱ्हाड लागली," भाऊ म्हणाले. "म्हातारी पडली."

"आता तिचे लोक उठणार. ढाल घ्या सगळ्यांनी," थोरला म्हणाला.

"कुणी उठत नाही."

"म्हणजे?"

"उठत नाहीत. बसलेलेच होते. हात उघडे आहेत सगळ्यांचे."

धाकट्याने बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा केला. दाढीवाल्याने चष्मेवाल्या मुलीकडे पाहिलं, मग भाऊंकडे. तो आता हसवत नव्हता.

"मग आधी सांगायचं ना," तो म्हणाला.

सगळे गेल्यावर भाऊ खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. 'बघितलंस ना?' असं त्यांनी म्हटलं नाही, याबद्दल तिला त्यांचे आभार मानावेसे वाटले. वाटलं होतं त्या चष्मेवाल्या पोरीमुळे निभावेल, म्हणाले. मग ठकीला एक फासा दिला, ठेव तुला म्हणाले, आणि आईला सांगितलं, पानं छापखान्यात आजच जायचीत, नवं लिहायला जमेल?

तिला जमलं. तेच वाईट होतं, की इतकं चांगलं जमलं. काजळे भुयारांत राहतात. पाहुण्याला दार उघडतात आणि दिवा घालवतात. अंधारात दबा धरून बसतात, त्यांचे श्वास तेवढे ऐकू येतात. एक शब्दही बोलत नाहीत. जुन्या लिखाणातलं फारसं काही बदलावं लागलं नाही. रस्त्याचं तोंड तेवढं काढून टाकलं. शेवटी मात्र तिने एक वाक्य वाढवलं. मेलेल्या काजळ्यांचे हात नेहमी उघडे सापडतात. का, ते कुणाला ठाऊक नाही. भाऊंनी वाचलं, पेन त्या ओळीवर धरलं, आणि न खोडता पुढे गेले.

परतताना ठकी फासा मुठीत घट्ट धरून चालत होती. एरवी जिन्यात पायऱ्यांवरून उड्या मारत पुढे पळणारी पोर आज आईचं बोट सोडत नव्हती. ओठांचं कुलूपही तिने काढलं नव्हतं. आईने पर्स उघडून तिला किल्ली दिल्यासारखं केलं, तरी ती घेईना.

दार उघडलं. सकाळच्या घाईत पुढच्या खोलीतला दिवा चालूच राहिला होता. ठकी नेहमीसारखी आत गेली, चवड्यांवर उभी राहिली, बटणावर बोट ठेवलं.

आई उंबरठ्यावर थांबली. चपला पायांतच होत्या. डोळे भरून आले होते, आणि आज तिला तो अंधार खरंच हवा होता.

खट् झालं नाही. बोट बटणावर तसंच ठेवून ठकीने मान वळवली.

"आई, त्या आजीला कुणी सांगितलंच नव्हतं का, की बाहेरची माणसं अंधाराला भितात?"